फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव : फारोख बुलसारा, जन्म : ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार, मृत्यू : २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे पारशी कुळातील ब्रिटिश गायक, गीतकार, संगीतकार आणि पियानोवादक होते. 'क्वीन' या रॉक वाद्यवृंदाचे प्रमुख गायक म्हणून ते जगभर ओळखले जातात. त्यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले. ऑपेरा आणि सिंफनी संगीताची भव्यता रॉक संगीतात आणण्याचा प्रयत्न त्यांनी आयुष्यभर केला. स्पॅनिश सोप्रानो गायिका मॉन्सेरात काबाये यांच्यासमवेत १९८७-८८ मध्ये त्यांनी सिद्ध केलेली 'बार्सिलोना' ही ध्वनिमुद्रिका हे या प्रयत्नाचे सर्वांत धाडसी रूप होय. तिच्यातील संगीत पूर्ण सिंफनी वाद्यवृंदाच्या वादनासह ध्वनिमुद्रित होण्यास मात्र त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशके लागली.

जन्म व कुटुंब

फारोख यांचा जन्म झांझिबार बेटावरील स्टोन टाउन येथे झाला. झांझिबार त्या वेळी ब्रिटिश संरक्षित राज्य होते. वडील बोमी बुलसारा हे तेथील वसाहत सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. आईचे नाव जेर. घराण्याचे मूळ गुजरातमधील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड. बुलसारा हे आडनाव त्या गावावरूनच आले. मुंबई-गुजरातमधील अनेक पारशी कुटुंबे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नोकरी-व्यापारासाठी गेली होती, त्यांपैकीच हे एक. घरात जरथुश्त्री धर्माचे आचार पाळले जात आणि फारोख यांची नवजोत रीतसर झाली होती. धाकटी बहीण कश्मिरा हिचा जन्म १९५२ चा.

पाचगणीतील शिक्षण

वयाच्या आठव्या वर्षी, १९५४ च्या सुमारास, फारोख यांना शिक्षणासाठी भारतात पाठवण्यात आले. पाचगणी येथील सेंट पीटर्स स्कूल ही इंग्रजी धर्तीवरची मुलांची निवासी शाळा त्यासाठी निवडली गेली. सह्याद्रीच्या माथ्यावरील या गावाला दोन वाटांनी जाता येते. एक वाट पुण्याहून वाईमार्गे पसरणीचा घाट चढून वर येते. दुसरी कोकणातून महाड व पोलादपूर ही गावे मागे टाकून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला पोहोचते आणि तेथून सुमारे २० किलोमीटरवर पाचगणी लागते. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईचे साहेब लोक बाणकोटच्या खाडीतून सावित्री नदीने महाडच्या बाजूला येत आणि तेथून डोंगर चढून महाबळेश्वर गाठत. पाचगणीची निरोगी हवा हेच तेथे युरोपीय पद्धतीच्या निवासी शाळा निघण्याचे मुख्य कारण होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शाळांत मुंबईच्या पारशी व अन्य सधन कुटुंबांप्रमाणेच आफ्रिका आणि आखाती प्रदेशांतील भारतीयांची मुलेही मोठ्या संख्येने शिकत होती.

फारोख यांच्या जडणघडणीत या शाळेचा वाटा बराच मोठा आहे. पाश्चात्त्य चरित्रकारांनी तो पुष्कळदा दोन-चार वाक्यांत आटोपला आहे. आईवडील समुद्रापलीकडे असल्यामुळे सुट्ट्यांमध्ये हा मुलगा मुंबईत आजी व मावशीकडे राहत असे. शाळेत त्याला सगळे फ्रेडी म्हणू लागले आणि पुढे घरच्यांनीही तेच नाव स्वीकारले. वरच्या जबड्यात चार अधिक दात असल्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले होते, त्यावरून सहाध्यायी त्याला चिडवीत. या दातांविषयीचा संकोच त्यांना जन्मभर राहिला, पण जबड्याची ठेवण बदलल्यास आवाज बदलेल या भीतीने त्यांनी त्यांवर कधी उपचार करून घेतले नाहीत.

संगीताच्या दृष्टीने शाळेने त्यांना तीन गोष्टी दिल्या. पियानोचे पद्धतशीर शिक्षण ही पहिली. त्यात त्यांनी चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेतील प्रार्थनागीतांचे वृंदगान. अँग्लिकन परंपरेच्या या शाळेत मुले वेगवेगळ्या पट्ट्यांतील स्वर एकाच वेळी गात. एका धुनेवर तीन-चार स्वरपंक्ती कशा रचल्या जातात हे त्यांच्या कानावर तेथेच पडले. भारतीय रागसंगीतात एकच स्वररेषा पुढे जाते; वृंदगानाची ही बहुस्वरी रचना त्याहून अगदी निराळी. तिसरी गोष्ट म्हणजे 'द हेक्टिक्स' हा पाच शाळकरी मुलांचा वाद्यवृंद. १९५८ मध्ये निघालेल्या या वृंदात फ्रेडी पियानो वाजवीत. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची त्या काळची लोकप्रिय गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत सादर करीत. एखादे गाणे एकदा ऐकून ते पियानोवर उतरवण्याचे त्यांचे कौशल्य शाळासोबत्यांच्या लक्षात राहिले. याशिवाय टेबल टेनिस व मुष्टियुद्ध या खेळांतही ते पुढे होते.

१९६३ मध्ये ते झांझिबारला परतले. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये झांझिबार स्वतंत्र झाले आणि १२ जानेवारी १९६४ रोजी तेथे रक्तरंजित क्रांती झाली. सुलतानाची राजवट कोसळली. अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांच्या जिवावर बेतले. बुलसारा कुटुंब मोजके सामान घेऊन इंग्लंडला निघून गेले व लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम या उपनगरात राहू लागले. फ्रेडी त्या वेळी सतरा वर्षांचे होते.

इंग्लंडमधील प्रारंभीची वर्षे

आयलवर्थ येथील तंत्रशाळेत कलेचे प्राथमिक शिक्षण घेऊन त्यांनी ईलिंग कला महाविद्यालयात प्रवेश मिळवला आणि १९६९ मध्ये रेखांकन व मुद्रणकलेतील पदविका घेतली. या शिक्षणाचा उपयोग पुढे त्यांनी क्वीनचे बोधचिन्ह रेखाटताना केला. त्यातील सिंह, खेकडा व कन्या या आकृती चारही सदस्यांच्या राशी दर्शवतात. शिकत असताना त्यांनी हीथ्रो विमानतळावर सामान वाहण्याचे काम केले. केन्सिंग्टन मार्केटमध्ये मित्र रॉजर टेलर यांच्यासह जुन्या कपड्यांचा गाळाही चालवला. 'आयबेक्स', 'सावर मिल्क सी' अशा अल्पजीवी वृंदांत ते गायले, पण त्यांतील एकही टिकला नाही.

गिटारवादक ब्रायन मे व तालवादक रॉजर टेलर यांच्या 'स्माइल' या वृंदातून गायक टिम स्टाफेल १९७० मध्ये बाहेर पडले आणि त्यांची जागा फ्रेडींनी घेतली. वृंदाला क्वीन हे नाव त्यांनीच दिले. याच सुमारास त्यांनी बुलसारा हे आडनाव सोडून मर्क्युरी हे नाव धारण केले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन सामील झाल्यावर वृंद पूर्ण झाला. पुढची वीस वर्षे या चौघांत बदल झाला नाही, ही रॉकच्या जगात दुर्मीळ म्हणावी अशी गोष्ट आहे.

तीन गळ्यांचे वृंदगान

क्वीनची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये आणि चौथी, 'अ नाइट ॲट द ऑपेरा', १९७५ मध्ये निघाली. चौथीतील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे मर्क्युरींनी रचलेले गीत ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी स्वतंत्र तबकडीच्या रूपाने बाजारात आले. त्याची लांबी जवळजवळ सहा मिनिटे होती. त्या काळी आकाशवाणीवर वाजणारी गाणी तीन मिनिटांच्या आसपास संपत, त्यामुळे हे गीत कोणी लावणार नाही असे ध्वनिमुद्रण कंपनीला वाटत होते. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले.

या गीताची घडण मर्क्युरींच्या संगीतदृष्टीचा नमुना म्हणून पाहण्याजोगी आहे. आरंभी संथ भावगीत, मग ऑपेराच्या धर्तीचा समूहगानाचा भाग, त्यानंतर जोरकस रॉक आणि शेवटी पुन्हा शांत सूर असे त्याचे चार टप्पे आहेत. ध्रुपद त्यात नाहीच. ऑपेराच्या भागात मोठा गायकसमूह गात असल्याचा भास होतो, पण तेथे आवाज केवळ तिघांचे आहेत : मधल्या पट्टीत मर्क्युरी, खालच्या पट्टीत मे आणि अतिशय उंच पट्टीत टेलर. २४ मार्गांच्या चुंबकीय फितीवर हे तिघे पुन्हा पुन्हा गात. भरलेले मार्ग एकत्र करून मोकळ्या जागी नवे आवाज चढवले जात. अशा रीतीने १८० च्या आसपास थर साचले आणि फीत इतक्या वेळा यंत्रातून फिरली की ती झिजून आरपार दिसू लागली, असे ध्वनिमुद्रणाच्या वेळचे लोक सांगत आले. पाचगणीच्या प्रार्थनागृहात चाळीस मुलांनी मिळून केले असते ते काम येथे तिघांनी फितीवर केले. पुढच्याच वर्षीच्या 'समबडी टू लव्ह'मध्ये हेच तंत्र अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल समूहगानाचा आभास निर्माण करण्यासाठी वापरलेले आहे.

क्वीनने सत्तरच्या दशकातील आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर सिंथेसायझर न वापरल्याची नोंद आवर्जून छापली. १९८० च्या 'द गेम'मध्ये हा नियम प्रथम मोडला. तोवर वृंदवादनाचा भास मे यांच्या घरगुती बनावटीच्या गिटारच्या थरांनी आणि मर्क्युरींच्या पियानोने साधला जाई. मात्र या पद्धतीची एक अडचण होती. फितीवर रचलेले समूहगान रंगमंचावर चौघांना गाता येणे शक्यच नव्हते. म्हणून मैफलीत तो भाग आला की चौघेही मंचाआड जात, दिवे मालवले वा भिरभिरवले जात आणि ध्वनिमुद्रित भाग वाजवला जाई. रॉकचा भाग सुरू होताच ते परत येत. श्रोत्यांनी ही योजना आनंदाने स्वीकारली, पण प्रत्यक्ष वाद्यवृंदासह गाण्याचा प्रश्न तेथे सुटलेला नव्हता.

रॉक आणि सिंफनी वाद्यवृंद

या प्रश्नाला इतरांनी हात घातलेला होता. 'डीप पर्पल' या ब्रिटिश वृंदाचे ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांनी रॉक वृंद व सिंफनी वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांची कॉन्चेर्तो रचली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने माल्कम अर्नोल्ड यांच्या संचालनाखाली ती सादर केली. पुढच्या उन्हाळ्यात, २५ ऑगस्ट १९७० रोजी, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने आपल्या उन्हाळी मैफलींचे खुले प्रेक्षागार असलेल्या हॉलिवूड बोल येथे डीप पर्पलसह ती पुन्हा वाजवली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉस एंजेलिस येथील एका समकालीन संगीताच्या महोत्सवात फ्रँक झप्पा व त्यांच्या वृंदाने याच फिलहार्मोनिकसमवेत आपले संगीत सादर केले होते. त्या वेळी संचालक होते झुबिन मेहता. मुंबईत १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना करणारे व्हायोलिनवादक मेहली मेहता हे त्यांचे वडील. सिंफनी आणि रॉक यांच्या भेटीच्या या इतिहासात मुंबईशी नाते असलेले दोन पारशी दोन बाजूंनी उभे असलेले दिसतात.

अशा प्रयोगांत दोन्ही पक्ष बहुधा आळीपाळीने वाजवीत आणि एकमेकांत फारसे मिसळत नसत, अशी टीका तेव्हाच झाली होती. मर्क्युरींची वाट वेगळी होती. त्यांना दोन वृंद समोरासमोर उभे करायचे नव्हते. एकाच गीतात दोन गायनपद्धती नांदवायच्या होत्या.

७ ऑक्टोबर १९७९ रोजी लंडनच्या कोलिझियम नाट्यगृहात मतिमंद मुलांच्या मदतीसाठी रॉयल बॅलेने कार्यक्रम केला. त्यात मर्क्युरी नर्तकांबरोबर उतरले आणि वाद्यवृंदाच्या साथीने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' व 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' ही गीते प्रत्यक्ष गायले. नर्तकांनी त्यांना उचलून उलटे धरले असतानाही गाणे चालू होते. त्यांच्या १९८५ च्या 'मिस्टर बॅड गाय' या पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकगीतात वाद्यवृंद आहे. १९८६ मध्ये क्वीनने मे यांच्या 'हू वाँट्स टू लिव्ह फॉरेव्हर' या गीतासाठी मायकेल केमन यांच्या वाद्यरचनेसह मोठा वाद्यवृंद वापरला.

मैफली

रंगमंचावरील गायक म्हणून मर्क्युरींची कीर्ती मुख्यतः दोन उन्हाळ्यांशी निगडित आहे. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली क्रीडागारात झालेल्या 'लाइव्ह एड' या कार्यक्रमात क्वीनला सुमारे वीस मिनिटे मिळाली. समोर ७२,००० श्रोते होते आणि उपग्रहाद्वारे अनेक देशांत प्रक्षेपण चालू होते. केवळ स्वरांची फेक करून त्यांनी तो समुदाय आपल्यामागे गाता केला. रॉकच्या इतिहासातील सर्वोत्कृष्ट प्रयोगांत त्याची गणना होते. पुढच्या वर्षीच्या युरोप दौऱ्यात २७ जुलै रोजी बुडापेस्टला त्यांनी हंगेरियन लोकगीत हंगेरियन भाषेतच म्हटले. या दौऱ्याची अखेर ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झाली. १,२०,००० पेक्षा अधिक लोक उपस्थित असलेला हा कार्यक्रम चौघांचा एकत्रित शेवटचा ठरला.

बार्सिलोना

मर्क्युरींनी १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये व्हेर्दींचा 'उन बाल्लो इन मास्केरा' हा ऑपेरा पाहिला. ते गेले होते लुचानो पावारोत्ती यांना ऐकायला. परतले ते मॉन्सेरात काबाये यांचे निस्सीम चाहते होऊन. १९३३ मध्ये बार्सिलोनात जन्मलेल्या काबाये १९६५ पासून जागतिक कीर्तीच्या सोप्रानो होत्या. अतिशय मंद, श्वासाइतका हलका उंच स्वर दीर्घकाळ तोलून धरणे ही त्यांची खासियत होती. १९८६ मध्ये स्पेनच्या दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत मर्क्युरींनी त्यांच्याविषयीचा आदर उघडपणे बोलून दाखवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये १९९२ च्या ऑलिंपिक स्पर्धा बार्सिलोनाला देण्यात आल्या. काबाये यांचे ते जन्मगाव. अशा प्रसंगासाठी एखादे युगुलगीत व्हावे ही कल्पना त्यातूनच पुढे आली.

मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात दोघांची भेट झाली. हजारो श्रोत्यांपुढे सहज वावरणारे मर्क्युरी या भेटीच्या वेळी कमालीचे दडपणाखाली होते. सोबत पियानोवादक व सहरचनाकार माइक मोरान होते. मर्क्युरींनी 'एक्सरसाइझेस इन फ्री लव्ह' ही आपली शब्दविरहित रचना ऐकवली. तीत ते फॉल्सेटोत, म्हणजे पुरुषी आवाज बाजूला ठेवून काढलेल्या पातळ उंच स्वरात, काबाये यांच्याच शैलीने गायले होते. एखाद्या थोर गायिकेपुढे तिचीच नक्कल सादर करणे हे धाष्टर्य होते. काबाये यांना ती रचना इतकी आवडली की काही दिवसांतच लंडनमधील आपल्या मैफलीत त्यांनी ती गायली. त्या रात्री मर्क्युरींच्या घरी मोरान यांच्या पियानोवर दोघे पहाटेपर्यंत गात राहिले. एका गीताऐवजी संपूर्ण ध्वनिमुद्रिका करण्याचे ठरले.

नेमक्या याच काळात, एप्रिल १९८७ च्या अखेरीस, मर्क्युरींना एड्स झाल्याचे निदान झाले. त्या वेळी या रोगावर परिणामकारक उपचार नव्हते आणि रुग्णांकडे समाज भीतीने व तिरस्काराने पाहत असे. त्यांनी ही गोष्ट मोजक्या निकटवर्तीयांनाच सांगितली. काबाये त्यांपैकी एक होत्या. 'बार्सिलोना' ऐकताना हा संदर्भ लक्षात घ्यावा लागतो. त्यातील उंच स्वर निदानानंतरचे आहेत.

कामाची पद्धत दोघांच्या सवयींतील अंतर दाखवते. ऑपेराच्या गायिकेला स्वरलिपी हाती मिळण्याची सवय असते आणि तिचे कार्यक्रम वर्षानुवर्षे आधी ठरलेले असतात. मर्क्युरी मात्र ध्वनिमुद्रण कक्षात बसून, पुन्हा पुन्हा गाऊन, रचना घडवीत. स्वरलिपी ते क्वचितच वापरीत. म्हणून काबाये यांच्यासाठीच्या स्वरपंक्ती ते स्वतः फॉल्सेटोत गाऊन फितीवर नोंदवीत. त्या फितींवरून आपला भाग तयार करून काबाये मोकळ्या मिळालेल्या थोड्या दिवसांत लंडनला येऊन गात. स्वतःचा आवाज मात्र मर्क्युरींनी ऑपेराचा केला नाही. ते आपल्या नेहमीच्या रॉक धाटणीत गातात, काबाये आपल्या पद्धतीने गातात, आणि गीत दोघांना जागा देते. संग्रहातील 'द गोल्डन बॉय' व 'द फॉलन प्रीस्ट' या गीतांचे शब्द टिम राइस यांचे आहेत. 'ला जापोनेझ'मध्ये मर्क्युरींच्या जपानप्रेमातून जपानी भाषा आली आहे. 'हाउ कॅन आय गो ऑन'मध्ये बास गिटार जॉन डीकन यांनी वाजवली आहे. 'एक्सरसाइझेस इन फ्री लव्ह'ला काबाये यांनी स्पॅनिश शब्द दिले आणि ती रचना 'एन्सुएन्यो' या नावाने संग्रहात आली.

या ध्वनिमुद्रिकेतील वाद्यवृंद मात्र बहुतांशी खरा नव्हता. काही मोजकी प्रत्यक्ष वाद्ये सोडल्यास तंतुवाद्ये, पितळी वाद्ये, नगारे हे सगळे मोरान यांनी सिंथेसायझरवर वाजवले होते. सिंथेसायझर न वापरल्याचा अभिमान बाळगणाऱ्या गायकाच्या सर्वांत भव्य कृतीचा पाया सिंथेसायझरवर असावा, यात विसंगती आहेच. १९८० च्या दशकातील या वाद्याचा आवाज काही ठिकाणी पातळ वाटतो आणि दोन बलदंड गळ्यांखाली तो दबतो.

शीर्षकगीत प्रथम २९ मे १९८७ रोजी स्पेनच्या इबिझा बेटावरील कू या क्लबमध्ये, उन्हाळी हंगामाच्या तोंडावर भरलेल्या समारंभात सादर झाले. तबकडी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघाली आणि ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेली. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी बार्सिलोनात 'ला नित' हा महोत्सव झाला. सोलहून ऑलिंपिक ध्वज शहरात आल्याप्रीत्यर्थ माँजुईक टेकडीच्या पायथ्याशी कारंज्यांपुढे खुला मंच उभारला होता. स्पेनचे राजे हुआन कार्लोस व राणी सोफिया उपस्थित होत्या. मर्क्युरी व काबाये यांनी तीन गीते सादर केली. या दोन्ही ठिकाणी गायन प्रत्यक्ष नव्हते. ध्वनिमुद्रण वाजत होते आणि गायक त्यावर ओठ हलवीत होते. वृत्तपत्रांनी त्यावर टीका केली. आवाजाचा भरवसा नसल्यामुळे मर्क्युरींनी हा मार्ग पत्करला होता. आजाराची वार्ता ठाऊक नसलेल्या टीकाकारांना त्यामागचे कारण कळण्याजोगे नव्हते. ला नित हा त्यांचा रंगमंचावरील अखेरचा प्रयोग ठरला. संपूर्ण ध्वनिमुद्रिका त्यानंतर दोन दिवसांनी प्रकाशित झाली.

अखेरची वर्षे व मृत्यू

यानंतर मर्क्युरींनी जाहीर मैफली केल्या नाहीत, पण ध्वनिमुद्रण थांबवले नाही. क्वीनने १९८९ मध्ये 'द मिरॅकल' व फेब्रुवारी १९९१ मध्ये 'इन्युएन्डो' या ध्वनिमुद्रिका काढल्या. स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे क्वीनच्या मालकीचा ध्वनिमुद्रण कक्ष होता. १९९१ च्या वसंतात मर्क्युरी तेथे जमेल तेवढे गाऊन ठेवत होते; उरलेले काम सहकाऱ्यांनी पूर्ण करावे अशी ती तजवीज होती. ही गीते १९९५ मध्ये 'मेड इन हेवन'मध्ये आली.

खासगी आयुष्याविषयी ते जाहीरपणे फार थोडे बोलले. तरुणपणी मेरी ऑस्टिन यांच्याशी त्यांचे सहजीवन होते आणि ते संपल्यावरही मैत्री अखेरपर्यंत टिकली. शेवटच्या वर्षांत जिम हटन हे त्यांचे जोडीदार होते. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी आपल्या आजाराची माहिती निवेदनाद्वारे जाहीर केली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी केन्सिंग्टनमधील 'गार्डन लॉज' या निवासस्थानी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय ४५ वर्षे होते. २७ नोव्हेंबर रोजी पश्चिम लंडनमध्ये पारशी दस्तुरांनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्या आणि त्यांच्यावर अग्निसंस्कार करण्यात आले. पाश्चात्त्य चाहत्यांपैकी अनेकांना त्यांच्या पारशी असण्याची ओळख प्रथमच झाली ती या अंत्यविधीमुळे.

२० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली येथे त्यांच्या स्मरणार्थ मैफल झाली. तिच्या उत्पन्नातून एड्सविरोधी कार्यासाठी 'मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट' स्थापन करण्यात आला.

मृत्यूनंतरचे 'बार्सिलोना'

२५ जुलै १९९२ रोजी बार्सिलोनात ऑलिंपिक स्पर्धांचे उद्घाटन झाले तेव्हा मर्क्युरींच्या निधनाला आठ महिने झाले होते. ज्या प्रसंगासाठी गीत रचले गेले तेथे ते दोघांनी मिळून गाणे आता शक्य नव्हते. ब्रिटनमध्ये बीबीसीने स्पर्धांच्या प्रक्षेपणासाठी हे गीत वापरले. पुन्हा निघालेली तबकडी त्या उन्हाळ्यात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. २६ मे १९९९ रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर युरोपीय चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फुटबॉल सामन्यापूर्वी काबाये यांनी ते गायले. मर्क्युरींचा आवाज व चेहरा मात्र ध्वनिचित्रफितीतून आला.

सप्टेंबर २०१२ मध्ये 'बार्सिलोना'ची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. स्टुअर्ट मोर्ली यांनी मोरान यांच्या सिंथेसायझरवरील प्रत्येक स्वरपंक्ती ऐकून ती सिंफनी वाद्यवृंदासाठी लिपिबद्ध केली आणि प्रागच्या फिल्महार्मोनिक ऑर्केस्ट्राने ती वाजवली. मर्क्युरी व काबाये यांचे मूळ गायन जसेच्या तसे ठेवले आहे. सामान्यतः गायक वाद्यवृंदाकडे पाहून श्वास घेतो. येथे वाद्यवृंदाला पंचवीस वर्षांपूर्वीच्या गायकाच्या श्वासाबरोबर चालावे लागले. मर्क्युरींनी लय कोठे ताणली व कोठे सोडली हे आता पुष्कळ स्पष्ट ऐकू येते. मूळ आवृत्तीशी सरावलेल्या काही श्रोत्यांना जुनाच ध्वनी अधिक जवळचा वाटतो, हेही नोंदवले पाहिजे.

माँत्रो येथे सरोवराकाठी १९९६ पासून मर्क्युरींचा पुतळा उभा आहे. फेल्टममधील कुटुंबाच्या जुन्या घरावर २०१६ मध्ये स्मृतिफलक बसवण्यात आला. २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटात त्यांची भूमिका करणारे रामी मालेक यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. मॉन्सेरात काबाये यांचे निधन त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी बार्सिलोनात झाले.